तो मेसेज पाठवू नकोस

चिमे, काल रात्री फोन ठेवल्यावर तू तो मेसेज पाठवला नाहीस ना? नसशील पाठवला तर थांब, आधी हे वाच. काल तू तिकडे मुसमुसत होतीस आणि मी इकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, त्यामुळे धड बोलणं झालंच नाही.

तुझा मसुदा माझ्यासमोर आहे. ‘नमस्कार सर, डिस्टर्ब करतेय त्याबद्दल खूप सॉरी. तुम्ही बिझी असाल याची कल्पना आहे. माझं एक छोटंसं पेमेंट राहिलंय, जमलं तर प्लीज बघाल का? घाई नाही.’ आणि शेवटी जोडलेल्या हातांची दोन चित्रं.

बाई गं, ७२,००० रुपये छोटंसं? चोवीस चित्रं काढलीस तू. त्या माकडाच्या शेपटीचा रंग त्यांनी तीनदा बदलायला लावला, तेव्हा रात्री दीड वाजता मला फोन केला होतास. आणि घाई नाही म्हणे! घरभाड्यासाठी तू माझ्याकडून दोनदा पैसे घेतलेस, मग घाई कोणाला आहे? मला?

पण माझा राग तुझ्या नम्रपणावर नाही. त्या मेसेजात बिलाचा नंबर नाही, रक्कम नाही, काम कधी दिलं ते नाही. त्या माणसाच्या मनात समजा पैसे द्यायचे आलेच, तरी आधी त्याला तुलाच विचारावं लागेल, ‘कुठलं पेमेंट?’ एवढी खटपट कोण करणार? तो अंगठा दाखवेल आणि मीटिंगला जाईल. तूही त्या अंगठ्याकडे बघत आणखी तीन आठवडे काढशील.

भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. तेव्हा मला ती म्हण खडूस वाटायची. आता कळतं, की मागायचं ते वेळेवर आणि सरळ मागितलं नाही, की नंतर तेच हात पसरून मागावं लागतं. तुझा मेसेज नेमका त्या वळणावर आलाय.

अण्णांच्या दुकानातली पाटी आठवते? ‘आज रोख, उद्या उधार.’ आणि बरोब्बर पाटीखालच्या खणात उधारीची वही. घड्याळ दुरुस्त करून द्यायचे आणि पैशाचं निघालं की भिंगातून दुसऱ्याच घड्याळात बघायला लागायचे. मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी निघायची वसुलीला. तू तेव्हा बालवाडीत होतीस, तुला ठाऊक नाही. ‘अण्णांना सांग, देतो’ हे वाक्य मी सातारच्या निम्म्या पेठांमधून गोळा करून आणलंय. दोन वर्षांत मला एक गोष्ट कळली. मास्तरांकडे पंचवीस तारखेला जाऊन उपयोग नाही, दोन तारखेला जायचं. भाजीवाल्या काकांकडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. माणसं तीच, कारणं तीच, पण त्या दिवशी त्यांच्या हातात पैसा असायचा. वसुलीतलं माझं सगळं शिक्षण तिथेच झालं. पुढे भाषांतरं करायला लागल्यावर कंपन्यांनाही हेच लागू पडतं असं दिसलं. फक्त मास्तरांच्या पगाराच्या जागी त्यांची ‘पेमेंट रन’ असते. कोणाची महिन्यातून एकदा, कोणाची दर शुक्रवारी. ती कधी असते, हे तू विचारलंयस का? कोणाला विचारायचं हेही तुला माहीत नसणार.

कारण तू ज्या सरांना मेसेज करणार होतीस, ते संपादक. त्यांना तुझी चित्रं आवडली, त्यांनी ‘वा’ म्हटलं, तिथे त्यांचं काम संपलं. चेक ते काढत नाहीत. पैसे अकाउंट्समधून निघतात आणि तिथल्या बाईंना तुझं माकड माहीतही नाही. त्यांना दिसतो फक्त कागद, आणि बहुतेक वेळा अडतो तोही कागदच.

माझंच सांगते. पाणी शुद्ध करायच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करायचं काम होतं. पाच महिने पैसे नाहीत. मी मनातल्या मनात त्या कंपनीला काय काय म्हणून घेतलं. भेटेल त्याला सांगत सुटले, की बुडवे आहेत म्हणून. शेवटी एकदा धीर करून थेट अकाउंट्सला फोन लावला, तर त्या बाई म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचा कॅन्सल्ड चेकच आलेला नाही, व्हेंडर कोड कसा उघडणार?’ मी तो पाठवला होता, पण प्रोजेक्ट बघणाऱ्या मुलाला. त्याने नोकरी सोडली आणि माझा चेक त्याच्या इनबॉक्समध्ये राहिला. नवव्या दिवशी पैसे जमा. पाच महिने मी ज्यांना लबाड म्हणत होते, त्यांच्या खात्यात माझं नावच नव्हतं. तेव्हा माझी मलाच लाज वाटली. तेव्हापासून तीस दिवस झाले की मी आधी एवढंच विचारते: ‘बिल तुमच्याकडे चढलंय का? कशासाठी थांबलंय?’ त्यात ना राग असतो ना विनवणी. गॅसचा नंबर कधी लावला होता असं विचारावं, तसं.

तर मेसेज नको, ईमेल कर. संपादकांना आणि अकाउंट्सला एकत्र. मी लिहून देते, तुझ्या भाषेत बदलून घे:

‘बिल क्र. १७, रक्कम ७२,००० रुपये. चोवीस चित्रांच्या अंतिम फाइली ११ जून २०२५ रोजी दिल्या. हे पेमेंट अद्याप जमा झालेलं नाही. बिल, वर्क ऑर्डर आणि बँकेचा तपशील पुन्हा सोबत जोडला आहे. काही कागद कमी असल्यास कळवावे. पेमेंट कोणत्या तारखेला होईल, ते कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे.’

बस. सॉरी नाही, घाईबिईचं काही नाही. भाडं थकलंय, आईचं औषध आहे, हेही नाही. तुझी अडचण लिहिलीस, की देणारा उपकारकर्ता होतो. ‘शुक्रवारपर्यंत’ मात्र काढू नकोस. ‘लवकरात लवकर’ हा दिवस कुठल्याच कॅलेंडरात नसतो.

आता जरा मजेची गोष्ट. परवा ते म्हणाले ना, की तुझं बिल मिळालंच नाही? आयकराच्या साइटवर जा आणि तुझं २६एएस उघड. तुझ्यासारख्या स्वतंत्र काम करणाऱ्यांच्या फीवर कंपन्या बहुधा दहा टक्के टीडीएस कापतात, वर्षाची रक्कम ५०,००० च्या वर गेली की. आणि हा कर पैसे देताना किंवा त्यांच्या हिशोबात तुझ्या नावावर रक्कम चढवताना, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. एप्रिल ते जून या तिमाहीचं विवरण ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं. म्हणजे त्यांनी जूनमध्ये तुझं बिल चढवलं असेल, तर त्या कंपनीच्या नावासमोर ७,२०० रुपये एव्हाना दिसायला हवेत. दिसले, तर बघ काय झालं ते: तुझ्या नावाने सरकारला पैसे पोचले, हिशोबात तुझा खर्च लागला आणि तुला सांगतायत बिल आलं नाही! तेवढ्या पानाचा फोटो काढ आणि पुढच्या ईमेलला जोड. वर एकही तिखट शब्द लिहू नकोस, ‘संदर्भासाठी सोबत’ एवढंच. मी हे एकदाच केलंय. दुसऱ्या दिवशी मला ‘मॅडम’ ऐवजी ‘ताई’ म्हणत फोन आला होता.

आणि दिसले नाहीत, तर बिल खरंच चढलेलं नाही. मग चूक कुठे आहे तेही कळलं. तसं असेल तर भांडायचं नाही, बिल पुन्हा द्यायचं आणि पोच घ्यायची.

तू म्हणालीस, वर्क ऑर्डरमध्येच ९० दिवस लिहिलेत म्हणून मी गप्प बसले. तेही नव्वद कधीच उलटले, ते सोड. पण मुळात त्या नव्वदला अर्थ नाही. मागच्या भाऊबिजेला तुझ्या मानगुटीवर बसून मी तुझी उद्यम नोंदणी करून घेतली होती. ‘मी कुठली उद्योजक, मी तर चित्रं काढते,’ म्हणून तू हसत होतीस. आधार आणि पॅनवर फुकटात झाली. (पैसे मागणाऱ्या नकली साइटी असतात, तुझ्या मैत्रिणींनाही सांगून ठेव.) ती नोंदणी आता कामाला येते. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा आहे. त्यात सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. आणि मुदत लेखी ठरलेलीच नसेल, तर पंधराच दिवस. मोजायचं बिलापासून नाही, काम स्वीकारल्यापासून. काम हातात पडल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी लेखी तक्रार केली नाही, तर ते दिलं त्या दिवशीच स्वीकारलं असं धरतात. तुझं काम ११ जूनला गेलं, तक्रार आली नाही, म्हणजे २६ जुलैला मुदत संपली. त्यानंतर चक्रवाढ व्याज, महिन्याच्या हिशोबाने, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. तुझी मुदत संपली तेव्हा तो दर पावणेसहा टक्के होता, तिप्पट म्हणजे सव्वासतरा. आपल्या पतपेढीतल्या ठेवीला स्वप्नातही मिळत नाही.

पण ऐक, व्याजाचं पहिल्या पत्रात काढायचं नाही. मी एकदा पहिल्याच पत्रात कलमं लिहून बसले होते. इंटरनेटवरून उतरवलेली, नंबरांसकट. समोरच्याने ते पत्र त्यांच्या वकिलाकडे दिलं, आणि वकिलाकडे गेलेला कागद परत यायला किती दिवस लागतात ते देवालाच ठाऊक. साध्या विसरभोळेपणाचा मी खटला करून ठेवला. तेव्हा पहिल्या पत्रात विचारायचं. दुसऱ्यात, दहा दिवसांनी, खाली उद्यम नंबर घालून एकच ओळ, की कायद्यातली ४५ दिवसांची मुदत २६ जुलैला संपली आहे. व्याज तिसऱ्यात.

त्या दुसऱ्या पत्राची एक प्रत त्यांच्या सीएपर्यंत पोचली तर सोन्याहून पिवळं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक तरतूद आणली, १ एप्रिल २०२४ पासून ती लागू आहे. सूक्ष्म-लघू उद्योगांचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंत थकलेलेच राहिले, तर तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. देतील त्या वर्षी मिळेल. म्हणजे तुझे पैसे अडवून त्यांना करच जास्त बसतो. पहिल्या मार्चमध्ये तर गंमतच झाली. ज्यांनी कधी माझ्या फोनला उत्तर दिलं नाही, त्यांच्या अकाउंट्सवाल्यांचे मलाच फोन: ‘तुम्ही एमएसएमईमध्ये नोंदणीकृत आहात का, सर्टिफिकेट पाठवता का?’ आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला पैसे द्यायच्या घाईत होतं.

एवढं करूनही हलले नाहीत, तर केंद्र सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. तिथे अर्ज केला की तो आपल्या राज्यातल्या सुविधा परिषदेकडे जातो. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमला तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, पण तू नव्वदवर विसंबून घरमालकाला तारीख देऊ नकोस. निकाल तुझ्या बाजूने लागला आणि त्यांना तो रद्द करून हवा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. त्यामुळे उगाच ताणायला कोणी धजत नाही. ही पायरी चढताना एक गोष्ट मनाशी पक्की कर, या कंपनीकडून पुन्हा काम येणार नाही. मला विचारशील तर, जिथे पैशासाठी इथवर यावं लागलं तिथून काम न आलेलंच बरं. पण ते तू ठरव, तुझं पोट आहे.

वकिलाची भीती काल तू दोनदा बोलून दाखवलीस. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, तिचं उत्पन्न किती हे न बघता. कोर्टात केस घालायच्या आधीच लोकअदालतीपुढे प्रकरण ठेवता येतं, त्याला कोर्ट फी नाही. दोघांना मान्य असेल तरच तडजोड होते, पण झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच, वर अपील नाही.

‘मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसूनच राहते’ म्हणालीस, ते ऐकून मला हसू आलं. आपल्याकडे ही फार जुनी रीत. पेशवाईत सावकार ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचा, उपाशी. तो जेवत नाही तोवर घरातल्यांनाही घास उतरत नसे. इंग्रजांना याचा इतका धसका, की १८६० च्या दंड संहितेत कलम ५०८ खाली उदाहरण म्हणून चक्क दारातलं धरणंच दिलं होतं, देवाच्या कोपाची भीती घालणं म्हणून. तू जा, पण धरणं धरायला नको. दुपारी बाराच्या सुमारास, बिलाच्या दोन छापील प्रती घेऊन जा. एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घे आणि ये. समोर आलेल्या माणसाचं बिल ढिगाऱ्यात वर येतं, एवढाच त्याचा उपयोग. रडायचं नाही तिथे. रडायचं असेल तर रिक्षात.

आणि आता मी कुठे बुडाले ते ऐक, म्हणजे ताई फार शहाणी आहे असं वाटायला नको. २०१४ मधली गोष्ट. बियाण्यांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर, ३१,००० रुपये. माणूस गोड. ताई ताई करायचा, हुरडा खायला बोलवायचा. चेक दिला, तो परत आला. ‘पुन्हा टाका ताई, या वेळी जाईल.’ पुन्हा परत आला. ‘आता मी सांगतो तेव्हाच टाका.’ मी थांबले. चेकचं आयुष्य तीन महिन्यांचं, हे मला माहीत होतं गं, पण एवढ्या गोड माणसावर कुठे केस करायची! चेक परत आल्याचा बँकेचा कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. या तिन्ही गाड्या माझ्या डोळ्यांदेखत स्टेशनातून गेल्या आणि मी फलाटावर हुरडा खात बसले. नंतर वर्षभर ‘पुढच्या महिन्यात’. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा तीन वर्षांत लावायचा असतो. मधल्या काळात त्याने सही करून देणं लेखी कबूल केलं असतं, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजता आली असती. माझ्याकडे होतं काय, तर फोनवरचं ‘देतो ना ताई’. ती फाइल अजून माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी खाली येते आणि तुझे दाजी काही न बोलता परत वर ठेवतात.

त्यामुळे फोनवर जे काही बोलणं होईल, ते दहा मिनिटांत ईमेलने त्यांनाच कळव. ‘आत्ता बोलल्याप्रमाणे, आपण १७ तारखेला पैसे जमा करणार आहात.’ त्यांनी ‘ओके’ एवढं जरी उत्तर दिलं, तरी तो कागद झाला.

पुढच्या कामाचं नंतर सविस्तर बोलू. तूर्तास एवढंच, की तीस-चाळीस टक्के आगाऊ घेतल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. आणि छापायच्या मोठ्या फाइली शेवटचा हप्ता आल्यावर. तोवर त्यांना बघायला लहान फाइल पुरते. पहिल्यांदा मागताना जीभ अडखळेल. माझी अडखळली होती, आणि समोरचा शांतपणे ‘चालेल’ म्हणाला होता. इतकी वर्षं उगाच घाबरले असं वाटून मला भयंकर राग आला, त्याचा नव्हे, माझाच.

‘मानधन’ या शब्दापासूनही लांब राहा. तुझ्या बिलावर वर तेच लिहिलंय. भाषणाला बोलावतात तेव्हा नारळ, शाल आणि पाकीट देतात, ते मानधन. पाकिटात किती आहे ते घरी जाऊन बघायचं असतं, विचारायचं नसतं. तू बिल दिलंयस. ‘चित्रांचा मोबदला’ लिही, नाहीतर नुसतं ‘फी’. ‘मानधन’ हा शब्द मिरवणारे लोक मान आधी देतात, भरपूर देतात, आणि धनाच्या वेळेला ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतात. तुला ते तसंच म्हणाले ना परवा? दिवाळी पंधरा दिवसांवर आलीये. सुट्ट्यांआधी सगळीकडे एक पेमेंट रन निघतेच, तिच्यात बसायचं असेल तर ईमेल उद्या सकाळीच जायला हवं. नाहीतर तुळशीचं लग्न लागेपर्यंत कोणी जागेवर भेटायचं नाही.

मी तुझं बिल उघडून ठेवलंय, खाते क्रमांक आणि आयएफएससी एकदा नजरेखालून घालते म्हणून. रक्कम बरोबर, पॅन बरोबर, सही आहे...

अगं चिमे, यावर तारीखच नाहीये. थांब, फोन करते.